रंगाच्या बरणीपासून स्लाइडच्या पेटीपर्यंत

गाठीतून काढलेला तुकडा, थुंकीचा थेंब, तापकऱ्याच्या बोटातलं रक्त, कांद्याच्या मुळाचं टोक. यातलं काहीही तसंच सूक्ष्मदर्शकाखाली ठेवलं तर फारसं काही दिसत नाही, कारण पेशी जवळजवळ पारदर्शक असतात. त्यांना रंग द्यावा लागतो. रंग द्यायचा म्हणजे काचेची स्लाइड कशात तरी बुडवायची, नाहीतर आडवी ठेवून तिच्यावर रंग ओतायचा. इथूनच प्रश्न सुरू होतात. बुडवायची की ओतायचं? बुडवायची तर एका बरणीत किती? बरणी काचेची की प्लॅस्टिकची? आणि अहवाल रुग्णाच्या हाती गेल्यावर त्या स्लाइडचं पुढे काय?

छत्रपती संभाजीनगरात, म्हणजे पूर्वीच्या औरंगाबादेत, हे प्रश्न थोड्याच वर्षांत तीन वेगवेगळ्या दारांनी आले. १९५० साली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पुढाकारानं मिलिंद महाविद्यालय उभं राहिलं. १९५६ साली शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झालं. त्याचं रुग्णालय सगळा मराठवाडा ‘घाटी’ या नावानं ओळखतो. १९५८ साली विद्यापीठ आलं. म्हणजे आठ वर्षांच्या आत एकाच गावात विज्ञानाचे विद्यार्थी, पॅथॉलॉजीचे डॉक्टर आणि वनस्पतिशास्त्राचे संशोधक असे तीन प्रकारचे लोक स्लाइड रंगवू लागले. तिघांची गरज वेगळी, म्हणून तिघांची भांडीही वेगळी. रंगवण्याच्या भांड्याचं सगळीकडे चालेल असं एकच उत्तर नाही. ते नमुन्यागणिक बदलतं. साठवणीचं उत्तर मात्र बरंचसं ठरलेलं आहे, आणि हयगय होते ती नेमकी तिथंच.

आधी बरणीकडे पाहू. प्रयोगशाळेच्या टेबलावर हमखास दिसणारी उभी, जाड काचेची, आतून खाचा असलेली लहान बरणी म्हणजे कॉप्लिन जार. अमेरिकेतल्या फिलाडेल्फियाच्या जेफरसन मेडिकल कॉलेजातले पॅथॉलॉजिस्ट विल्यम मायकेल लेट कॉप्लिन (१८६४–१९२८) यांचं नाव तिला मिळालं. तिची करामत त्या खाचांमध्ये आहे. पाच स्लाइड एकेका खाचेत उभ्या राहतात, एकमेकींना चिकटत नाहीत आणि रंग दोन्ही बाजूंनी सारखा लागतो. पाठीला पाठ लावून दहाही बसतात. मात्र दोघींचे नमुने बाहेरच्या अंगाला हवेत. एवढ्या कामाला साधारण पन्नास मिलिलिटर रंग पुरतो. रंग महाग असतो तिथं हा हिशेब फार मोलाचा ठरतो.

यापेक्षा जास्त स्लाइड असतील तर हेलेनडाल जार घेतात, त्यात आठ किंवा जोडीनं सोळा बसतात. त्याहून मोठी शीफरडेकर जार. जर्मन शरीररचनाशास्त्रज्ञ पाउल शीफरडेकर यांच्या नावाची, दहा किंवा वीस स्लाइडची. आणि रोज ढिगानं ऊतकाचे मेणात बसवलेले ब्लॉक कापले जातात अशा विभागात आयताकृती काचेचा ट्रफ आणि त्यात अलगद उतरणारा धातूचा रॅक लागतो. ही सगळी भांडी एकमेकांशी जुळतात, कारण मुळात स्लाइडचंच माप ठरलेलं आहे. १८३९ साली स्थापन झालेल्या लंडनच्या मायक्रोस्कोपिकल सोसायटीनं तीन इंच बाय एक इंच हे माप उचलून धरलं, आणि आज संभाजीनगरच्या शहागंजातल्या एखाद्या लॅबमध्येही त्याच मापाची, ७६ बाय २६ मिलिमीटरची काचपट्टी वापरतात. बरणी, पेटी, कपाट, सूक्ष्मदर्शकाचा स्टेज, सगळं त्या मापाभोवती फिरतं.

आता काम प्रत्यक्ष कसं चालतं ते पाहू. पॅथॉलॉजीत सर्वांत जास्त होतं ते हिमॅटॉक्सिलिन-इओसिन रंगकाम, लॅबमधल्या बोलीत ‘एच अँड ई’. मेणाच्या ब्लॉकमधून तीन ते पाच मायक्रॉन जाडीचा काप काढून स्लाइडवर घेतलेला असतो. ही स्लाइड ओळीनं मांडलेल्या डझनभर बरण्यांतून जाते. पहिल्या दोन-तीन बरण्यांत झायलीन, कारण आधी मेण विरघळलं पाहिजे. मग शुद्ध अल्कोहोल, मग पंच्याण्णव टक्के, मग सत्तर टक्के, मग पाणी. त्यानंतर हिमॅटॉक्सिलिन. हा रंग मेक्सिकोच्या कॅम्पेचे भागातल्या झाडाच्या लाकडापासून निघतो आणि तुरटीच्या क्षाराच्या साथीनं पेशीच्या केंद्रकाला धरतो. जादा रंग आम्ल मिसळलेल्या अल्कोहोलात क्षणभर बुडवून उतरवायचा, पाण्यात केंद्रकं निळी करून घ्यायची, मग इओसिनचा गुलाबी. शेवटी तेच अल्कोहोल उलट्या क्रमानं, पुन्हा झायलीन, आणि वर डीपीएक्स या चिकट द्रवाचा थेंब टाकून कव्हरस्लिप. कापावर हवेचा बुडबुडा राहिला तर नेमकी पाहायची जागा झाकली जाते, म्हणून कव्हरस्लिप एका कडेनं टेकवून हळूहळू खाली सोडतात.

या ओळीत भांडं रंगाइतकंच महत्त्वाचं असतं. प्रत्येक बरणीत मागच्या बरणीचे चार थेंब येतातच. झायलीनमध्ये मेण साठत जातं, अल्कोहोलात पाणी. हिमॅटॉक्सिलिनच्या पृष्ठभागावर चकचकीत साय धरते. ती गाळणीच्या कागदानं रोज काढली नाही तर कापावर काळे ठिपके उमटतात. पावसाळ्यात आणखी एक अडचण येते. शुद्ध अल्कोहोल हवेतली ओल ओढून घेतं. झाकण नीट बसत नसेल तर त्या अल्कोहोलातून झायलीनमध्ये गेलेली स्लाइड दुधाळ होते, आणि मग सगळी स्लाइड उलट्या पावली अल्कोहोलात न्यावी लागते. घासून बसवलेलं काचेचं झाकण की आट्यांचं, हा प्रश्न खरेदीच्या यादीत किरकोळ वाटतो. जुलै-ऑगस्टमध्ये वाटत नाही.

पाण्याचा मुद्दा तर संभाजीनगरात वगळताच येत नाही. केंद्रकं निळी करायला किंचित अल्कधर्मी पाणी लागतं, आणि जगभरच्या पाठ्यपुस्तकांत त्यासाठी ‘वाहत्या नळाखाली दहा मिनिटं’ असं लिहिलेलं असतं. जायकवाडीचं पाणी पिणाऱ्या या शहरात वर्षानुवर्षं काही दिवसांआड नळ येतो. मग टाकीचं किंवा बोअरचं पाणी वापरावं लागतं. बेसॉल्टच्या खडकातलं बोअरचं पाणी जड आणि बहुधा अल्कधर्मी असतं. एच अँड ईला ते चालून जातं, कधीकधी चांगलं काम करतं. पण हेच पाणी रक्ताच्या स्लाइडला नेलं की घोटाळा होतो. लीशमन किंवा गीम्साच्या रंगाला ६.८ ते ७.२ पीएचचं बफर लागतं. अल्कधर्मी पाण्यात लाल पेशी निळसर पडतात, पांढऱ्या पेशींतले दाणे नीट ओळखू येत नाहीत. म्हणून हिस्टोपॅथॉलॉजीला जे पाणी चाललं ते हिमॅटॉलॉजीला चालेलच असं नाही. बफरच्या गोळ्या आणि डिस्टिल्ड वॉटर हा तिथं चैनीचा खर्च मानता येत नाही.

बरणीतल्या रंगकामावरचा खरा आक्षेप मात्र वेगळाच आहे. एका स्लाइडवरचा कण सुटून बरणीत तरंगतो आणि दुसऱ्या स्लाइडवर जाऊन बसतो. पॅथॉलॉजिस्ट त्याला ‘फ्लोटर’ म्हणतात. कॉलेज ऑफ अमेरिकन पॅथॉलॉजिस्ट्सनं १९९६ साली २७५ प्रयोगशाळांचा अभ्यास प्रसिद्ध केला. काम चालू असताना पाहिलेल्या स्लाइडपैकी ०.६ टक्के स्लाइडवर परका तुकडा सापडला, आणि जुन्या स्लाइड मुद्दाम काढून तपासल्या तेव्हा २.९ टक्क्यांवर. आकडे लहान दिसतात. पण तो तुकडा कर्करोगाच्या गाठीचा असेल आणि ज्याच्यावर बसला ती बायोप्सी निरोगी माणसाची असेल, तर एका तुकड्यानं एका घराचं आयुष्य ढवळून निघतं. पुढच्या एका अभ्यासात असं दिसलं की रंगाच्या भांड्यांमध्ये सर्वांत जास्त तुकडे सुरुवातीच्या झायलीन आणि अल्कोहोलात असतात, जिथं मेण सुटतं तिथंच. त्यामुळे पहिल्या बरण्या वारंवार बदलणं हा काटकसरीत कापायचा खर्च नव्हे.

पेशींच्या द्रवाच्या स्लाइडबाबत, म्हणजे छातीत किंवा पोटात साठलेल्या पाण्याच्या तपासणीत, हा धोका आणखी वाढतो, कारण तिथं पेशी सैल असतात. चांगल्या सायटोलॉजी विभागात रंग रोज गाळतात आणि कर्करोगाचा दाट संशय असलेले द्रव सगळ्यात शेवटी किंवा वेगळ्या बरणीत रंगवतात.

क्षयरोगाच्या थुंकीच्या तपासणीत तर बरणीच नाकारली गेली आहे. झील-नेल्सन रंगकामात स्लाइड बेसिनवर ठेवलेल्या दोन काचेच्या दांड्यांवर आडव्या, एकमेकींपासून दूर मांडतात. वर एक टक्का कार्बोल फुक्सिन ओतायचं, वाफ येईपर्यंत तापवायचं, उकळू द्यायचं नाही. मग पंचवीस टक्के सल्फ्युरिक आम्लानं रंग उतरवायचा आणि ०.१ टक्का मिथिलीन ब्ल्यू. जागतिक आरोग्य संघटनेच्या आणि आपल्या राष्ट्रीय कार्यक्रमाच्या प्रशिक्षणात हेच शिकवतात. कारण अहवाल लिहिण्याच्या पद्धतीत आहे. शंभर क्षेत्रं पाहून एक ते नऊ जंतू दिसले तर तंत्रज्ञ ‘स्कँटी’ लिहितो आणि नेमका आकडाही नोंदवतो. जिथं चार जंतूंनाही अर्थ आहे, तिथं तीन प्लसच्या, म्हणजे जंतूंनी भरलेल्या, स्लाइडवरून सुटलेले चार जंतू शेजारच्या निरोगी माणसाच्या स्लाइडवर गेले तर सहा महिन्यांची औषधं विनाकारण सुरू होऊ शकतात. त्या दांड्यांवरच्या स्लाइडमधलं बोटभर अंतर कंटाळून कमी करू नये, हे नव्या तंत्रज्ञाला पहिल्याच दिवशी सांगावं.

हिवतापाच्या बाबतीत पारडं पुन्हा बरणीकडे झुकतं. रॉनल्ड रॉस यांनी २० ऑगस्ट १८९७ रोजी डासाच्या पोटात हिवतापाचा परजीवी पाहिला तो सिकंदराबादेत, म्हणजे ज्या निजामी राज्यात तेव्हा औरंगाबादही होतं तिथं. पण गावोगावच्या स्लाइड झटपट रंगवण्याची भारतीय रीत सापडायला १९४४ साल उजाडावं लागलं. दिल्लीच्या मलेरिया इन्स्टिट्यूटमधले जसवंत सिंग आणि भट्टाचार्जी यांनी पाण्यात विरघळणारा रंग तयार केला, तोच जेएसबी. गीम्सासाठी मिथाइल अल्कोहोल आणि ग्लिसरिन लागतं, युद्धकाळात ते मिळवणं कठीण होतं. जेएसबीला फक्त पाणी लागतं. एका बरणीत इओसिन, एका बरणीत निळा, मधे बफरच्या पाण्याच्या बरण्या. स्लाइड इओसिनमध्ये सेकंद-दोन सेकंद, पाण्यात, निळ्यात अर्धा मिनिट, पुन्हा पाण्यात. संपलं.

हे किती स्लाइडचं काम आहे, याचा अंदाज घ्यायला हरकत नाही. राष्ट्रीय कार्यक्रमात दरवर्षी लोकसंख्येच्या किमान दहा टक्के लोकांचं रक्त तपासण्याचं उद्दिष्ट राहिलं आहे. प्राथमिक आरोग्य केंद्र तीस हजार वस्तीचं धरलं तर वर्षाला तीन हजार स्लाइड होतात, आणि त्यातल्या बऱ्याचशा पावसाळ्यानंतरच्या चार महिन्यांत येतात. एकेक स्लाइड आडवी ठेवून रंग ओतत बसलं तर दिवस पुरत नाही. इथं बरणी हवीच. शिवाय जाड थेंबातले काही परजीवी बरणीत सुटले तरी त्याचा धोका क्षयाच्या जंतूइतका नसतो, कारण परजीवी ओळखायचा असतो तो रक्ताच्या थरातल्या त्याच्या जागेवरून आणि रूपावरून. तरीही निळ्या रंगाची बरणी दिवसेंदिवस तीच वापरणं चुकीचंच.

मराठवाड्यातलं सर्वांत मोठं स्लाइडचं काम कोणतं, असं विचारलं तर उस्मानाबाद, आताच्या धाराशिव जिल्ह्यातल्या गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या अभ्यासाचं नाव आधी घ्यावं लागेल. ऑक्टोबर १९९९ मध्ये तो सुरू झाला. बार्शीचं नर्गिस दत्त स्मृती कर्करोग रुग्णालय, मुंबईचं टाटा मेमोरियल आणि जागतिक आरोग्य संघटनेची ल्योंची कर्करोग संस्था यांचं ते काम. बावन्न गावगट, तीस ते एकोणसाठ वर्षं वयाच्या १,३१,७४६ बायका. एका गटात एचपीव्ही या विषाणूची चाचणी, एका गटात पॅप स्मिअर, एका गटात व्हिनेगरसारखं ॲसेटिक आम्ल लावून डोळ्यांनी पाहणं आणि एका गटात नेहमीची सेवा. स्मिअरच्या गटात बत्तीस हजारांवर बायका होत्या.

पॅप स्मिअरचं सगळं यश पहिल्या काही सेकंदांत असतं. काचेवर पेशी पसरल्या की लगेच पंच्याण्णव टक्के अल्कोहोलात बुडवाव्या लागतात. हवेनं सुकल्या तर केंद्रकं फुगतात आणि वाचणाऱ्याची फसगत होते. गावातल्या शिबिरात कॉप्लिन जारच असते असं नाही. मग रुंद तोंडाच्या बाटलीत अल्कोहोल घेऊन एकाआड एक स्लाइडला यू-पिन लावतात, म्हणजे दोन काचा एकमेकींना चिकटत नाहीत. बरणीतल्या खाचेचं काम पिन करते. सायटोलॉजीच्या हस्तपुस्तकांत ही युक्ती नोंदलेली आहे, आणि तिच्या साधेपणाचं मोल शिबिरात काम केलेल्या प्रत्येकाला कळतं.

अभ्यासाचे निष्कर्ष एप्रिल २००९ मध्ये न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये आले. एचपीव्ही चाचणीच्या एकाच फेरीनं या कर्करोगाचे मृत्यू जवळजवळ निम्म्यावर आणले. स्मिअरच्या आणि डोळ्यांनी पाहण्याच्या गटात तशी ठळक घट दिसली नाही. स्लाइडवर प्रेम करणाऱ्यानं हा निकाल पचवायला हवा. स्मिअर गोळा करणारी नर्स, अल्कोहोल, रंगाची ओळ, वाचणारा डोळा, अहवालाची पाठवणी या साखळीतला एकेक दुवा चांगला असूनही एकाच फेरीत तिचा जोर कमी पडतो. जिथं दर काही वर्षांनी तपासणी परत परत होते, त्या देशांत याच स्मिअरनं मृत्यू घटवले. भारतात तशी फेरी चालवणं जमलेलं नाही, म्हणून २०१६ च्या राष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांनी पहिल्या पायरीवर ॲसेटिक आम्लाची तपासणी ठेवली. स्मिअर संशयितांच्या पुढच्या तपासणीसाठी आणि मोठ्या रुग्णालयांत टिकून आहे. क्षयातही तेच घडतं आहे. गोव्यातल्या मोलबायो कंपनीच्या, क्षयाचे जंतू ओळखणाऱ्या ट्रूनॅट यंत्राला २०२० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेची मान्यता मिळाली, आणि अनेक ठिकाणी थुंकीची स्लाइड निदानाची एकमेव पहिली पायरी राहिलेली नाही. उपचार चालू असताना जंतू कमी होत आहेत का, हे पाहायला मात्र ती लागते.

या शहराची स्वतःची अशी स्लाइड कोणती, याचं उत्तर विद्यापीठाच्या वनस्पतिशास्त्र विभागात मिळतं. तिथले प्रा. एस. टी. टिळक यांनी हवेत तरंगणाऱ्या बीजाणूंचा आणि परागकणांचा अभ्यास भारतात रुजवला. औरंगाबादच्या हवेतल्या बीजाणूंवरचा त्यांचा निबंध १९६७ चा. १९७० साली त्यांनी आणि आर. एल. कुलकर्णी यांनी ‘एक्सपीरिएन्शिया’ या नियतकालिकात नव्या यंत्राचं वर्णन केलं. तेच पुढे ‘टिळक एअर सॅम्पलर’ म्हणून महाराष्ट्रातल्या कितीतरी प्रबंधांत दिसतं. विजेवर चालणारं हे यंत्र मिनिटाला पाच लिटर हवा आत ओढतं. आतला ढोल आठ दिवसांत एक फेरा पूर्ण करतो. ढोलावर व्हॅसलीन लावलेली सेलोफेनची पट्टी, आणि हवेबरोबर आलेले कण तिच्यावर चिकटतात. आठ दिवसांनी पट्टी काढायची, दिवसागणिक आणि त्यातही दिवस-रात्र असे तुकडे कापायचे आणि ग्लिसरिन जेलीत स्लाइडवर बसवायचे. अमुक तारखेच्या रात्री ज्वारीच्या काजळीचे किती बीजाणू हवेत होते, हे त्या तुकड्यावर मोजता येतं.

या कामात कॉप्लिन जारला जवळजवळ जागाच नाही. पट्टी बुडवली तर व्हॅसलीनसकट कण वाहून जातील. रंग हवा असेल तर तो जेलीतच मिसळतात. टिळकांनी आणि कुलकर्णींनी १९७२ साली औरंगाबाद परिसरातल्या लेण्यांच्या आतल्या आणि बाहेरच्या हवेवर ‘करंट सायन्स’मध्ये लिहिलं, आणि लेण्यांतल्या चित्रांवर वाढणाऱ्या बुरशीचा प्रश्न हवेच्या अंगानं पाहता येतो हे दिसलं. अशा स्लाइडचं महत्त्व मोजणी झाली म्हणून संपत नाही. पन्नास वर्षांपूर्वीची हवा पुन्हा पाहायची तर ती त्या काचेवरच आहे. पण जेलीची स्लाइड पाणी सोडते, आकसते, बुरशी धरते. कडा मेणानं किंवा नेलपॉलिशनं बंद केल्या आणि स्लाइड आडवी ठेवली तरच ती टिकते.

काच की प्लॅस्टिक, या वादाचा निकाल रसायनांनीच लावला आहे. पॉलिस्टायरीनची पारदर्शक बरणी झायलीनमध्ये विरघळते. पॉलिप्रोपिलीन काही काळ तग धरतं, मग फुगतं. म्हणून झायलीनच्या आणि अल्कोहोलाच्या बरण्या काचेच्याच घ्याव्यात. जेएसबीच्या पाण्याच्या रंगांना, वाहतुकीला आणि महाविद्यालयाच्या प्रात्यक्षिकांना प्लॅस्टिक चालतं, पडलं तरी फुटत नाही. खुद्द झायलीनबद्दलही विचार व्हायला हवा. त्याच्या वाफेनं डोकं दुखतं, डोळे चुरचुरतात, आणि वर्षानुवर्षं उघड्या बरण्यांसमोर उभ्या राहणाऱ्या तंत्रज्ञाच्या मज्जासंस्थेवर परिणाम होतो. अमेरिकेत कामाच्या जागी आठ तासांच्या सरासरीची मर्यादा दशलक्ष भागांत शंभर अशी आहे. भारतातल्या दंत महाविद्यालयांच्या प्रयोगशाळांनी २०११ नंतर भांडी घासायच्या द्रव साबणाचं १.७ टक्के द्रावण नव्वद अंशांना तापवून त्यानं मेण काढून पाहिलं, आणि कापांची गुणवत्ता झायलीनच्या तोडीस आली. लहान लॅबना हा मार्ग खरोखर परवडणारा आहे. वाफ ओढणारी चिमणी बसवणं त्याहून महाग पडतं, पण झायलीन वापरायचंच असेल तर तीही हवी. वापरलेलं झायलीन बेसिनमध्ये ओतणं २०१६ च्या जैववैद्यकीय कचरा नियमांत बसत नाही; ते वेगळं साठवून प्रक्रिया केंद्राकडे द्यावं लागतं.

मोठ्या रुग्णालयांत आता स्वयंचलित स्टेनर आले आहेत. यंत्राचा हात ठरलेल्या सेकंदाला रॅक उचलतो, त्यामुळे सोमवारची आणि शनिवारची स्लाइड सारखी निघते. मात्र त्यातल्या टाक्या म्हणजे मोठ्या बरण्याच, आणि फ्लोटर तिथंही होतात. रोज दहा-बारा ब्लॉक करणाऱ्या लॅबला यंत्र परवडत नाही आणि लागतही नाही.

रंगकामावर एवढं लिहिलं-बोललं जातं, त्याच्या पासंगालाही साठवणीची चर्चा पुरत नाही. डीपीएक्स हे १९३९ साली वर्णिलेलं मिश्रण पूर्वी वापरल्या जाणाऱ्या कॅनडा बाल्समपेक्षा चांगलं, ते पिवळं पडत नाही. पण ते वाळायला वेळ लागतो. ओल्या स्लाइड घाईनं शंभर खाचांच्या पेटीत उभ्या केल्या की कव्हरस्लिप घसरते आणि शेजारच्या स्लाइडला चिकटते. दिवस-दोन दिवस आडव्या ट्रेमध्ये, मग उभ्या, असा क्रम हवा. हिमॅटॉक्सिलिन दीर्घकाळ टिकतं, इओसिन उन्हानं फिकं होतं, रक्ताचे रोमॅनोव्स्की गटातले रंग त्याहून लवकर. ऑरामिन या चमकणाऱ्या रंगानं रंगवलेल्या क्षयाच्या स्लाइड तर उजेडात काही दिवसांतच चमक गमावतात, म्हणून फेरतपासणीपर्यंत त्या काळोखातच हव्यात. मे महिन्यात चाळीस अंशांवर तापणाऱ्या गावात पश्चिमेच्या खिडकीखालचं लोखंडी कपाट ही सर्वांत वाईट जागा. आणि लाकडी पेट्यांना वाळवी लागते, तेव्हा आधी नोंदीची चिठ्ठी जाते आणि मागे बिननावाची काच उरते.

क्षय कार्यक्रमानं साठवणीला अर्थ दिला, हे मान्य करावं लागेल. तिथं तपासलेल्या स्लाइड फेकत नाहीत; तेल टिपून प्रयोगशाळेच्या रजिस्टरच्या क्रमानं पेटीत लावतात. मग पर्यवेक्षक निकाल न पाहता त्यातल्या काही काढतो आणि दुसरा डोळा त्या वाचतो. पेटीतला क्रम बिघडला तर ही सगळी परीक्षा निरर्थक होते. हिवतापाच्या पॉझिटिव्ह स्लाइडही याच कारणासाठी पुढे पाठवल्या जातात.

कर्करोगाच्या स्लाइडचा प्रवास आणखी लांबचा. १९४१ साली सुरू झालेल्या टाटा मेमोरियलच्या प्रयोगशाळा डॉ. वसंत रामजी खानोलकर यांनी उभ्या केल्या, आणि तेव्हापासून परळला पोचलेला रुग्ण बाहेरच्या स्लाइड आणि ब्लॉक घेऊनच येतो. त्या तिथं पुन्हा वाचल्या जातात. संभाजीनगरात २०१२ साली शासकीय कर्करोग रुग्णालय सुरू झाल्यावर मराठवाड्यातल्या अनेकांची ती वारी टळली, पण लहान लॅबमधून स्लाइड आणि ब्लॉक तिथं आणावेच लागतात. जालना, बीड, परभणीहून एसटीनं येणाऱ्या माणसाच्या पिशवीत, कागदाच्या पाकिटात गुंडाळलेल्या दोन काचा असतात. पाच स्लाइड मावणारा झाकणाचा प्लॅस्टिकचा मेलर काही रुपयांना मिळतो, तरी तो सगळ्या लॅब देत नाहीत. उन्हात तापलेल्या पिशवीत मेणाचा ब्लॉक मऊ पडतो, कव्हरस्लिप तडकते. मग बायोप्सी पुन्हा करावी लागते. सुई पुन्हा टोचली जाते ती रुग्णालाच.

किती वर्षं ठेवायच्या, याचं अमेरिकेतलं उत्तर कायद्यात आहे: ऊतकाच्या स्लाइड दहा वर्षं, सायटोलॉजीच्या पाच, मेणाचे ब्लॉक दोन. आपल्याकडे कर्करोगाचा रुग्ण सात-आठ वर्षांनी दुसरी गाठ घेऊन परततो, तेव्हा ती पहिल्याचीच आहे का, हे ठरवायला जुनी काच आणि जुना ब्लॉक दोन्ही लागतात. त्यामुळे ब्लॉकलाही दहा वर्षांची जागा द्यायला हवी. त्यासाठी फार काही लागत नाही. क्रमांक डायमंड पेन्सिलीनं किंवा फ्रॉस्टेड टोकावर शिसपेन्सिलीनं घालायचा, कारण बॉलपेनची शाई अल्कोहोलात धुतली जाते. पेटीवर वर्ष आणि क्रमांकाची हद्द. बाहेर दिलेल्या स्लाइडची वेगळी वही. तिच्यात नेणाऱ्याची सही, तारीख आणि किती काचा व किती ब्लॉक दिले त्याचा आकडा. कपाट सावलीच्या भिंतीला, जमिनीपासून वीतभर वर. आणि दर वर्षी एकदा प्रत्येक पेटीतल्या दोन-चार स्लाइड काढून सूक्ष्मदर्शकाखाली पाहायच्या, रंग उतरला असेल तर त्याची नोंद त्याच वहीत करायची.